शिवाप्पांचा भाताचा काठ

पाना माझ्या हातात होता. डॉबीच्या चार बोल्टांपैकी दोन मी सोडवले होते. तेवढ्यात आतल्या खोलीतनं आवाज आला.

"मास्तर, जरा थांबा की. एकदा हात लावू द्या तिला."

मी वळून बघितलं. शिवाप्पा दाराची चौकट धरून उभे होते. वडगावातल्या चांगल्या विणकरांत त्यांचं नाव. वय पंचेचाळिशीचं, पण त्या दिवशी साठीचे दिसत होते. डोळे उघडे, नजर मात्र माझ्या डोक्यावरनं भिंतीकडं. काचबिंदू झालेला. मिरजेला दाखवून आले होते. तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आता उपाय नाही.

"लावा की, तुमचीच आहे," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. ती त्यांची नव्हती. सरकारची होती, आणि ती काढून न्यायलाच मी आलो होतो.

ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी विणकाम खात्यात डेमॉन्स्ट्रेटर होतो. नाव मोठं, काम साधं. बेळगावजवळच्या शहापूर-वडगावच्या हातमागांवर डॉबी बसवायच्या, चालवायला शिकवायचं, बिघडल्या की दुरुस्त करायच्या. सगळे मास्तर म्हणायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

डॉबी म्हणजे काय ते सांगतो, घाबरू नका, अवघड नाही. लुगड्याच्या काठावर फुलं, चौकड्या असतात. फूल उठवायचं तर काठाचे काही उभे धागे वर उचलायचे, काही खाली ठेवायचे आणि मधनं आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. कुठले धागे उचलायचे हे लक्षात ठेवणं माणसाच्या डोक्याचं काम नव्हे. ते डॉबी करते. मागाच्या वर ती बसवलेली असते. तिच्यावर लाकडी पट्ट्यांची एक साखळी फिरते. प्रत्येक पट्टीला ओळीनं भोकं. भोकात लाकडी खुंटी ठोकली की तो धागा उचलला जातो. भोक रिकामं ठेवलं की धागा खालीच. एक धोटा, एक पट्टी. झालं, एवढंच.

खात्याचा नियम असा होता की डॉबी वापरायला मिळायची, पण ज्याच्या नावावर दिली त्यानं स्वतः माग चालवला पाहिजे. दोन महिने माग बंद राहिला की डॉबी काढून दुसऱ्याला द्यायची. शिवाप्पांचा माग बंद पडून दोन महिने झाले होते. नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. दहा लोक वाट बघत होते.

शिवाप्पा चाचपडत आले. मी त्यांचा हात धरून साखळीवर ठेवला. इतकी वर्षं त्यांनी डॉबी चालवली, पण साखळीला बोट म्हणून लावलं नव्हतं. विणकर खाली खड्ड्यात बसतो, पाय मारतो, धोटा फेकतो. वरचं काम माझं. त्यांची बोटं एका पट्टीवरनं दुसऱ्या पट्टीवर गेली. मग परत पहिल्या पट्टीवर आली आणि सावकाश पुढं सरकायला लागली.

"हे रुईचं फूल न्हवं?"

"व्हय."

"हितनं पाकळी चढली... चढली... हितं शेंडा. आता उतराय लागली." त्यांचा श्वास वाढला होता. "मास्तर, आख्खं फूल हाय की वो हितं! बोटाला दिसतंय!"

दहा वर्षं मी खुंट्या ठोकत होतो. मला त्या खुंट्याच दिसायच्या. आलेखाच्या कागदावर बघायचं, काळा चौकोन आला की खुंटी, पांढरा आला की भोक. फूलबिल काही नाही.

मी असा बघत उभा असताना त्या माणसानं काय करावं? एक खुंटी नखानं उचकटून काढली आणि शेजारच्या भोकात दाबून बसवली!

"अहो, अहो! काय करताय काय? काठ बिघडला की सगळा!"

"बिघडला न्हाय. पाकळी जरा वाकवली," शिवाप्पा म्हणाले. "सरळ उभी ऱ्हाऊन दमली असंल की ती."

कोपऱ्यात त्यांची बायको गंगाक्का कांड्या भरत बसली होती. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. तिच्या रहाटाचा आवाज थांबला. ती तोंडाला पदर लावून नवऱ्याकडं बघत होती.

मी सोडवलेले दोन्ही बोल्ट परत आवळले. मला दया आली असं कुणी समजू नये. मला चेव आला होता. मघाशी मी काय बघितलं ते मलाच पुरतं कळलं नव्हतं आणि ते कळल्याशिवाय मी तिथनं डॉबी हलवणार नव्हतो.

गंगाक्का मला सोडायला बाहेरपर्यंत आली. दाराआड थांबून हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, नेऊ नका तेवढी. परवा हे आडाच्या काठावर जाऊन बसलेते. हाताला धरून आणलं मी. दोन महिनं झालं, बोलत न्हाईत, ताटातलं चिवडतात आणि उठतात. माग गेल्यावर कशाच्या नावानं धरून आणू मी त्येंना?"

"बघतो आक्का," एवढंच म्हणालो आणि सायकलला टांग मारली.

घरी आल्यावर मी एक साखळी घेतली, डोळे मिटले आणि खुंट्या चाचपायला बसलो. दुसऱ्याच पट्टीवर रस्ता चुकलो. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चुकलो. आमच्या मंडळी म्हणाल्या, "नोकरी सुटली काय तुमची? आंधळी कोशिंबीर खेळताय ते?"

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या पट्ट्यांची एक साखळी आणि पिशवीभर खुंट्या शिवाप्पांच्या मांडीवर नेऊन ठेवल्या. म्हणालो, "ठोका तुमच्या मनासारख्या. साहेबांची तपासणी महिन्यावर आलीय. तोवर कायतरी दाखवण्यासारखं झालं तर मी बोलू शकतो. न्हाईतर माझाही इलाज न्हाय."

"कशाचा काठ करू?"

"ते मला काय विचारता?"

त्यांनी पिशवीतल्या खुंट्या मुठीत घेतल्या. मग म्हणाले, "वडगावच्या मागं भाताची शेतं हाईत न्हवं? डोळं जायच्या आधी शेवटचं नीट बघितलं ते त्येच. लोंब्या आल्या होत्या. वारं सुटलेलं. समदं भात एका अंगाला वाकलेलं. त्येच करतो."

झालं! त्या दिवसापासनं त्या घराचा नूरच पालटला. मी चार दिवसांनी गेलो तर बाहेरपर्यंत भांडणाचा आवाज. शिवाप्पा बायकोवर खेकसत होते, "माझ्या खुंट्या कुणी हलवल्या? मोजून ठेवल्या हुत्या मी!" आणि गंगाक्का? ती हसत होती! मला म्हणाली, "काल जेवताना भाकरी मागून घेतली. वर म्हणतात, आमटीत मीठ न्हाय. दोन महिन्यांत मीठ हाय का न्हाय, कळलं नव्हतं त्येंना."

पण खरा पेच पुढंच होता. साखळी भरली, आता विणून बघायचं कुणी? गल्लीतला रिवाज असा की बायकांनी कांड्या भरायच्या, उभ्या धाग्यांचा ताणा करायचा, पण मागाच्या खड्ड्यात उतरायचं नाही. दुसऱ्या विणकराला बोलवावं तर शिवाप्पा ऐकेनात. त्यांच्या मागावर परका माणूस नको. शेवटी गंगाक्कानं दाराला कडी घातली, पदर खोचला आणि सरळ खड्ड्यात उतरली.

"तुला येतंय?" शिवाप्पांनी विचारलं.

"वीस वर्षं शेजारी बसून बघितलंय. न येऊन काय करतंय?"

वीतभर विणून झालं. शिवाप्पा अधीर झालेले. "मास्तर, काय दिसतंय? सांगा की!"

मी बघितलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण जिभेवर ताबा असता तर मी कुठल्या कुठं पोचलो असतो. म्हणालो, "तुटक्या फणीगत दिसतंय."

मला वाटलं, संपलं. घालवलं मी. आणि शिवाप्पा एकदम हसायला लागले. पोट धरून हसले. "तुटकी फणी! अगं, ऐकलंस काय? म्हैनाभर बसून फणी केली मी!"

"आठवडाच झालाय," गंगाक्का म्हणाली.

मग आमची शाळा सुरू झाली. रोज सकाळी मी गल्लीतली कामं उरकून तिथं जायचा. विणलेल्या तुकड्यावर काय दिसतंय ते त्यांना सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. मी म्हणायचा, "लोंबी जाड झालीय." ते विचारायचे, "कुठं जाड? बुडाशी की शेंड्याला? कितव्या दाण्यापासनं?" मला सांगता यायचं नाही. चिडायचे. "तुमाला डोळं हाईत न्हवं? मग बघा की वो!" मीही चिडायचा. एकदा तर मी रागानं उठून चालता झालो आणि अर्ध्या गल्लीतनं परत आलो. कारण लोंबी कितव्या दाण्यापासनं जाड झालीय हे मलाच बघायचं होतं.

तुकड्यावरचे काठाचे धागे जरा उठावाचे असतात, नखाला लागतात. थोड्याच दिवसांत शिवाप्पा तुकडा स्वतः नखानं वाचायला लागले. माझी गरज कमी झाली. मला जरा वाईटच वाटलं.

पाचव्यांदा साखळी भरली. गंगाक्कानं विणलं. मी वाकून बघितलं आणि ताठ झालो. काठावर भात उभं होतं! खालच्या कडेत मुळं, वरती वाकलेल्या लोंब्या, सगळ्या एका अंगाला. वारा चाललाय असं वाटावं! मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. चप्पल न घालता गल्लीत धावलो आणि समोरच्या माणसाला दंडाला धरून आत आणलं, "बघा, बघा!" म्हणून. गंगाक्का खड्ड्यात बसलेली होती हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. समोरच्या माणसानं आधी तिला बघितलं, मग काठ बघितला, आणि खड्ड्याचा विषय काढलाच नाही.

शिवाप्पा भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. म्हणाले, "मास्तर, डोळं गेल्यापासनं नुसतं काळं दिसायचं. झोपलं तरी काळं, उठलं तरी काळं. ह्या खुंट्या हातात आल्यापासनं भात दिसतंय. लई दिसतंय."

तपासणीला आमचे सुपरिंटेंडेंट आले. पुण्याचे. कडक माणूस, जाड भिंगाचा चष्मा, हातात यादी. टांग्यातनं उतरल्या उतरल्या विचारलं, "ही डॉबी परत का आली नाही?"

मी काठ दाखवला. साहेबांनी तुकडा उलटसुलट केला. माझ्याकडं बघितलं, शिवाप्पांकडं बघितलं.

"ह्यांनी केला?"

"होय साहेब."

"ह्यांना दिसत नाही."

"नाही साहेब."

"तुम्ही मला मूर्ख समजता? हे डिझाइन तुमचं आहे. डॉबी वाचवायला आंधळ्या माणसाचं नाव पुढं करताय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शिवाप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, साखळी रिकामी करा. तुमच्या म्होरं भरतो."

साहेबांनी स्वतःच्या हातानं एकूण एक खुंटी उपटली. खुर्ची ओढून समोर बसले. शिवाप्पांनी भरायला सुरुवात केली. बोटं भोकं मोजत होती, अंगठा खुंटी दाबत होता. मधेच थांबायचे, मान जरा कलती करायचे, जणू शेतात बघतायत, आणि पुन्हा चालू. तास झाला, दीड तास झाला. साहेबांची यादी मांडीवरनं खाली घसरली, त्यांनी उचलली नाही. मी घामानं भिजलो होतो.

साखळी पुरी झाली. ती डॉबीवर चढवायचं काम माझं. शिवाप्पा म्हणाले, "मास्तर, पट्ट्यांच्या उजव्या टोकाला दोरा बांधलाय बघा. ते टोक..."

"आता मला डॉबी शिकवा," मी फाडकन म्हणालो आणि घाईत साखळी चढवली.

गंगाक्का खड्ड्यात उतरली. साहेबांच्या भुवया वर गेल्या, पण बोलले काही नाहीत. धोटा धावायला लागला. वीतभर विणून झालं तशी साहेबांनी मान खाली घातली, चष्मा काठाला टेकवला.

"वा!" ते म्हणाले. "वा! तोच काठ! मानलं बुवा!"

मी तर हवेतच होतो. जिंकलो! साहेबांचा हात धरून नाचायचं तेवढं बाकी होतं. इकडं शिवाप्पांनी हात पुढं केला, काठावरनं नख फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"न्हाय साहेब. चुकलंय."

"अहो, गप्प बसा," मी कुजबुजलो.

"मास्तर, रोपं डोक्यावर उभी केलासा तुमी. मुळं वर, लोंब्या खाली."

साहेबांनी कापड हातात घेतलं, पुन्हा वाकून बघितलं. मीही बघितलं. खरंच की! लुगडं नेसल्यावर भात बाईच्या पायाकडनं वर उगवायला पाहिजे. इथं ते वरनं खाली लोंबत होतं. आता चूक कशी झाली ते ऐका. ह्या भाताआधी आम्ही चढवलेला प्रत्येक काठ, रुईफूल घ्या, चौकडी घ्या, कुठनंही बघा, सारखाच दिसतो. पट्ट्यांचं कुठलं टोक कुठल्या बाजूला, हे फिटर कधी बघतच नाही, बघायची वेळच येत नाही. दहा वर्षांची सवय. हा पहिलाच काठ असा होता ज्याला डोकं आणि पाय होते, आणि इतके दिवस शिवाप्पा दोऱ्याचं टोक माझ्या हातात द्यायचे म्हणून तो सरळ चढायचा. त्या दिवशी घाईत मी तो पायांनी उचलून टांगला होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "डिझाइन तुमचं नाही, हे पटलं मला." आणि हसले. पहिल्यांदा आणि शेवटचे. नंतर मी त्यांना हसताना बघितलं नाही.

पण नियम राहिलाच. साहेब यादी उचलत म्हणाले, "ज्याच्या नावावर डॉबी, त्यानं माग चालवला पाहिजे. हे माग चालवत नाहीत. मी काय लिहू?"

एवढं सगळं करून परत पाना हातात घ्यायचा?

"डॉबी हिच्या नावावर लिवा," शिवाप्पा म्हणाले.

गंगाक्का दचकली. "आवो, गल्ली काय म्हणंल?"

"गल्लीला म्हणावं, माझ्यापरास सुरेख काठ करून दावा, मग बोला." ते साहेबांकडं वळले. "माग ती चालवती साहेब. मी नुसता भात पिकवतो."

साहेबांनी लिहिलं. गल्लीत चार दिवस कुजबूज झाली, पाचव्या दिवशी शेजारणीनं गंगाक्काला विचारलं की धोटा अडकतो तो का. पुढं वर्षभरात आणखी तीन घरच्या बायका खड्ड्यात उतरल्या. शिवाप्पांच्या साखळ्या शहापुरात दहा-बारा मागांवर फिरायला लागल्या. लुगडी खडेबाजारात भाताचा काठ म्हणून विकली जायची, आणि तो कुणी केला हे दुकानदारालाही माहीत नसायचं.

सगळं गोड झालं असं मात्र मी सांगणार नाही. नजर आली नाही ती नाहीच. अधूनमधून वाईट दिवस यायचे. दाराला कडी, बोलणं बंद. अशा दिवशी गंगाक्का काही समजूत घालायची नाही. खुंट्यांची पिशवी त्यांच्या शेजारी ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. संध्याकाळपर्यंत ठकठक ऐकू यायची. कधी दोन दिवस लागायचे.

मग माझी बदली निपाणीकडं झाली. आठवड्यातनं एकदा ऑफिसच्या कामानं बेळगावला यायचा आणि वडगावात चक्कर टाकायचाच. पहिल्याच खेपेला शिवाप्पांनी विचारलं, "निपाणीला काय बघितलासा?"

"काय बघणार? तंबाखू. जिकडं बघावं तिकडं तंबाखू."

"तंबाखूचं फूल कसं असतंय?"

इतकी वर्षं त्या रस्त्यानं येत-जात होतो. दोन्ही बाजूंना तंबाखूच. फूल कसं असतं, देवाशपथ, मला माहीत नव्हतं.

"पुढच्या खेपेला सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला सर्व्हिस मोटारीतनं मधेच उतरलो आणि एका शेतात शिरलो. तिथं कळलं, तंबाखूला फूल येऊच देत नाहीत. पान जाड व्हावं म्हणून तुरा खुडून टाकतात. बियाण्यापुरती दोन-चार झाडं बांधाकडंला राखतात. शेतकऱ्यानं ती दाखवली. लांबट नळीसारखं फूल, तोंडाशी पाच टोकं, फिकट गुलाबी, आणि नळी खाली हिरवट होत गेलेली. मी एकेक टोक मोजलं. नळी कुठनं रुंद होते ते बघितलं. कारण तिकडं बसलेला माणूस ते सगळं विचारणार होता आणि 'छान असतं' असं म्हणून सुटका नव्हती.

शेतकरी बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "काय हरवलंय काय, सायेब?"

"होय," मी म्हणालो.

तोवर पुढची मोटार गेली होती. ऑफिसात तीन तास उशिरा पोचलो. उशिराचं कारण लेखी द्यावं लागलं. नोकरीत मी पुष्कळ कारणं दिली, बहुतेक तापाची आणि पंक्चरची. त्या दिवशी मात्र खरं तेच लिहिलं, की फूल बघत होतो.